पायांच्या मुंग्या, आग आणि बधिरपणा: नसांचं नुकसान कसं ओळखायचं आणि डॉक्टरांकडून काय काय करून घ्यायचं

पायांची आग व्हायला लागली, रात्री सुया टोचल्यासारख्या कळा यायला लागल्या, की माणूस कधी ना कधी डॉक्टर गाठतोच. बधिरपणाचं तसं होत नाही. दुखत नाही ना, मग राहू दे, असं म्हणत महिने निघून जातात. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, की दुखणाऱ्या पायापेक्षा काहीच न कळणारा पाय जास्त धोक्याचा. मधुमेहामुळे पायांच्या नसा (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिन्या नव्हेत) खराब झालेल्या लोकांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांना कसलाही त्रास जाणवत नाही. तळपायाला जखम दिसते तेव्हा कुठे कळतं, आणि ती कधी झाली, कशाने झाली हेही सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट. "नसांची कमजोरी आहे, या गोळ्या घ्या," एवढ्यावर समाधान मानू नका. पायांच्या नसा बहुतेक वेळा दुसऱ्या कशामुळे तरी बिघडलेल्या असतात. ते कारण शोधावं लागतं. त्यातली काही कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात, पण वेळेवर सापडली तरच.

सुरुवात पायांच्या बोटांपासूनच का होते

कमरेच्या मणक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब, साधारण मीटरभर. त्या पेशीचा मुख्य भाग मणक्याजवळ असतो आणि टोक थेट बोटात. टोकाला लागणारी सगळी सामग्री तेवढं अंतर पार करून न्यावी लागते. त्यामुळे वाढलेली साखर, जीवनसत्त्वाची कमतरता, दारू किंवा एखादं औषध सगळ्या शरीरालाच त्रास देत असलं तरी आधी खचतं ते सर्वांत लांबचं टोक. त्रास दोन्ही पायांच्या बोटांत सुरू होतो आणि पायमोजा चढवावा तसा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास पोचतो तेव्हा हातांच्या बोटांतही मुंग्या यायला लागतात. तुमचा त्रास याच क्रमाने वाढला का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. त्यावरून निदान बरंच पुढे सरकतं.

लक्षणं कुठले तंतू बिघडलेत त्यावर ठरतात. बारीक तंतू वेदना आणि गरम-थंड सांगतात. ते बिघडले की आग, चटके, विजेसारखी कळ, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होणं, आणि हे सगळं रात्री जास्त. जाड तंतू स्पर्श, कंप आणि पाय नेमका कुठे आहे हे सांगतात. ते गेले की कापसावर किंवा वाळूवर चालल्यासारखं वाटतं, अंधारात तोल जातो, तोंड धुताना डोळे मिटले की झोकांडी जाते. चप्पल पायातून निसटते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर खाली पाहिलं की मग कळतं. हे वाक्य रुग्ण सहज बोलून जातात, पण ते ऐकून तपासणाऱ्याचे कान टवकारले पाहिजेत. स्नायूंकडे जाणारे तंतू बिघडले तर बोटं वाकडी होतात, पाऊल ओढल्यासारखं पडतं. घाम आणि रक्तवाहिन्या सांभाळणारे तंतू बिघडले तर तळपाय कोरडा पडून भेगाळतो. कोरडेपणा हेसुद्धा नसांचंच लक्षण असू शकतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आधी तातडीचं: यातलं काही असेल तर थांबू नका

नसांचा त्रास सहसा महिनोन्महिने हळूहळू वाढतो. खालच्या गोष्टींना मात्र "बघू उद्या" चालत नाही.

- काही दिवसांतच दोन्ही पायांतली ताकद कमी होऊन कमजोरी वर चढत जाणं, बोलायला, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाणं. हा गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच नसांवर केलेला हल्ला, असू शकतो. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर फायदा जास्त होतो, आणि श्वासाच्या स्नायूंवर लक्ष ठेवायला रुग्णालयच लागतं.
- कंबरदुखीबरोबर लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं. मणक्यातल्या नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो आणि तो काही तासांत सोडवावा लागतो.
- अचानक एका बाजूचा हात-पाय बधिर किंवा लुळा पडणं, तोंड वाकडं होणं. हा पक्षाघात समजून ताबडतोब रुग्णालयात जा.
- पाय अचानक खूप दुखून थंडगार, पांढरा किंवा निळसर पडणं. इथे नस नाही, रक्तपुरवठा तुटलेला असतो.
- जखमेतून पू किंवा दुर्गंधी येणं, कडा काळ्या पडणं, लाली वर चढणं, ताप.
- बधिर पाय एकाएकी लाल, गरम आणि सुजलेला दिसणं, मग तो दुखत असो वा नसो. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण हे सर्वांत जास्त वेळा चुकतं.

पाऊल अचानक वर उचलता येईनासं झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा.

घरी करता येईल अशी एक चाचणी

या चाचणीला इप्सविच टच टेस्ट म्हणतात. उपकरण काही लागत नाही, फक्त दुसरं माणूस हवं. ज्याची तपासणी करायची त्याने पायमोजे काढून आडवं व्हावं आणि डोळे मिटावेत. दुसऱ्याने तर्जनीच्या टोकाने पायाच्या बोटाच्या टोकाला अगदी हलका स्पर्श करायचा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टकटक करायची नाही, बोट फिरवायचं नाही. स्पर्श कळला की आडव्या माणसाने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं.

क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजव्या पायाचं मधलं बोट आणि शेवटी डाव्याचं. सहा जागा, प्रत्येकी एकदाच. कळलं नाही म्हणून त्याच बोटाला पुन्हा हात लावायचा नाही आणि "आता कळलं का?" असंही विचारायचं नाही, नाहीतर उत्तर अंदाजाने येतं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी स्पर्श कळला नाही तर संवेदना कमी झालेली असण्याची शक्यता मोठी आहे आणि डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घ्यायला हवी. सगळ्या जागी कळलं म्हणजे नसा ठणठणीत, असं मात्र नाही. बारीक तंतूंचा बिघाड या चाचणीत पकडला जात नाही.

त्याच दिवशी एका कागदावर लिहून ठेवा: त्रास कधीपासून, कुठल्या बोटात आधी, एका पायात की दोन्ही, रात्री वाढतो का, चालल्यावर वाढतो की कमी होतो, हातात काही आहे का, तोल जातो का, उठून उभं राहिल्यावर चक्कर येते का.

नसाच बिघडल्यात की आणखी काही?

पायांचं प्रत्येक दुखणं या प्रकारचं नसतं. चालताना पोटरी भरून येते आणि दोन-चार मिनिटं थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर रोहिण्या अरुंद झाल्याचा संशय घ्यावा. उभं राहून किंवा चालून दोन्ही पाय जड होतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर सुटल्यासारखं वाटतं, तर कमरेच्या मणक्यातली जागा अरुंद झालेली असू शकते. कमरेतून निघून एकाच पायात सरळ रेषेत उतरणारी कळ ही मणक्याजवळ दबलेल्या नसेची खूण. एकाच पायाच्या तळव्यात मुंग्या येत असतील तर घोट्याच्या आतल्या बाजूला नस दबलेली असू शकते. पायावर पाय टाकून तासन्‌तास बसणाऱ्यांची गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबून पाऊल लोंबकळतं. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते, ते बहुतेक वेळा तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं असतं.

इथे एक सावधगिरीचा शब्द. चाळिशी-पन्नाशीनंतर कमरेचा एमआरआय काढला तर बहुतेकांच्या कुठल्या ना कुठल्या मणक्याची गादी झिजलेली किंवा थोडी सरकलेली दिसतेच. दोन्ही पायांच्या बोटांतल्या बधिरपणाचं सगळं खापर त्या गादीवर फुटतं, आणि रक्तात सापडलं असतं ते कारण मागे राहतं. लक्षणं मणक्याशी जुळत असतील तरच त्या रिपोर्टला महत्त्व द्या.

कुणाकडे जायचं आणि काय घेऊन जायचं

पहिली भेट नेहमीच्या डॉक्टरांची किंवा फिजिशियनची पुरेशी आहे. मधुमेह आधीपासून असेल तर मधुमेहाचे डॉक्टर. त्रास झपाट्याने वाढत असेल, दोन्ही पायांत सारखा नसेल, मुंग्यांपेक्षा कमजोरी जास्त असेल, वय कमी असेल किंवा नेहमीच्या तपासण्यांत कारण सापडत नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायला सांगा.

जाताना वरचा कागद, जुने रिपोर्ट आणि घेत असलेल्या प्रत्येक औषधाचं पाकीट न्या. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. आम्लपित्ताच्या गोळ्या, दुकानातून परस्पर आणलेली जीवनसत्त्वं, चूर्णं, भस्मं, काढे सगळं. शिसं किंवा आर्सेनिक असलेल्या औषधांनीही नसा खराब होतात, आणि विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही. दारू किती आणि किती वर्षं, हे खरं सांगा. घरात आणखी कुणाचे पाय असे आहेत का, उंच कमानीचे, बोटं वाकलेली, पोटऱ्या बारीक, तेही विचारून जा. शार्को-मरी-टूथ हा नसांचा आनुवंशिक आजार १८८६ साली वर्णन केला गेला, तरी आजही तो अनेक घरांत 'आमच्याकडे पाय असेच असतात' म्हणून निदानाशिवाय राहतो.

तपासणीच्या टेबलावर काय व्हायला हवं

पायातलं आणि पायमोजे दोन्ही काढायला लावले नाहीत तर तपासणी झालीच नाही, असं समजा. मी हे ठामपणे म्हणते. खुर्चीत बूट घालून बसलेल्या माणसाच्या नसा तपासता येत नाहीत.

नायलॉनचा एक जाड केसासारखा धागा दांडीला बसवलेला असतो, त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो तळपायावर टेकवून हलकेच दाबला की १० ग्रॅम दाबाला बाकतो. तेवढा दाब कळत नसेल तर पायाला धोक्यापासून वाचवणारी संवेदना गेलेली आहे. आधी तो हातावर लावून कसा लागतो ते दाखवतात, मग डोळे मिटायला सांगून तळपायावर वेगवेगळ्या जागी टेकवतात. घट्ट्यावर टेकवत नाहीत, कारण जाड कातडीवर चांगल्या नसांनाही तो कळत नाही. दुसरं साधन १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क. तो कंप पावत असताना अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि कंप थांबला की सांगायचं असतं. तपासणाऱ्याला अजून कंप जाणवतोय आणि तुम्ही मात्र "थांबला" म्हणालात, तर जाड तंतू कमी पडतायत. याशिवाय टाचणीची टोच, गरम-थंड, घोट्यामागची प्रतिक्षिप्त क्रिया, बोटांची आणि घोट्याची ताकद, डोळे मिटून उभं राहिल्यावरचा तोल, आणि पावलावरच्या नाड्या.

हे सगळं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. झालं नाही तर "पायांची संवेदना एकदा तपासाल का?" असं स्पष्ट विचारा. कुठलाही चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

रक्ताच्या तपासण्या आणि त्यांच्यामागची कारणं

पहिल्या फेरीत साधारणपणे उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, रक्तातल्या पेशींची मोजणी, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड इतक्या तपासण्या होतात. जोडीला रक्तातल्या प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस करणं चांगलं, विशेषतः वय जास्त असेल तर. अस्थिमज्जेतल्या काही विकारांत तयार होणारी असामान्य प्रथिनं नसा बिघडवतात आणि ती या तपासणीत दिसू शकतात.

साखर हे सर्वांत नेहमीचं कारण. एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. उंबरठ्यावरच्या लोकांतही बारीक तंतू बिघडून पायांची आग होऊ शकते, त्यामुळे 'शुगर अजून बॉर्डरवर आहे' म्हणून ती बाजूला सारू नका. टाइप २ मधुमेहाचं निदान होईल त्याच वेळी पायांच्या नसा तपासायच्या आणि पुढे दर वर्षी. टाइप १ मध्ये ही वार्षिक तपासणी निदानानंतर ५ वर्षांनी सुरू होते.

बी-१२ बद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे कारण सापडलं तर हाती काही लागतं. मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काहीच किंवा फारसं न खाणारे, पोटाची शस्त्रक्रिया झालेले, वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्या घेणारे आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे, या सगळ्यांत ते कमी पडू शकतं. मेटफॉर्मिनचा मुद्दा लक्षात ठेवा. मधुमेही माणसाच्या मुंग्या साखरेच्या खात्यावर टाकल्या जातात आणि बी-१२ तपासायचं राहून जातं. म्हणून ते औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, बी-१२ मोजून घ्यायचं. पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता स्पष्ट आहे. त्याच्या थोडी वर असेल आणि लक्षणं जुळत असतील तर बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं मिथाइलमेलोनिक अ‍ॅसिड तपासतात. हिमोग्लोबिन उत्तम असूनही बी-१२ अभावी नसा आणि मज्जारज्जू खराब होऊ शकतात. आणि नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं.

रक्त तपासणीला जाण्याआधीच बी-१२ ची इंजेक्शनं घेऊन टाकू नका. मग रिपोर्ट चांगला येतो आणि मूळ प्रश्न कायमचा झाकला जातो.

बी-६ चं गणित उलट-सुलट आहे. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडमुळे ते कमी पडून नसा बिघडतात, म्हणून त्या औषधासोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६च, देतात. पण बी-६ चे मोठे डोस महिनोन्महिने घेतले तर त्यानेच पाय बधिर होतात. 'नसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या कितीतरी गोळ्यांत ते असतं. दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकदम चालू असतील तर पाकिटांवरचे आकडे एकदा बेरीज करून बघा.

दारू, थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचा जुना आजार, एचआयव्ही ही आणखी कारणं. कर्करोगावरच्या काही औषधांनी, जसं व्हिन्क्रिस्टिन, सिसप्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल, मुंग्या येतात. त्या सुरू झाल्या की लगेच सांगायचं, म्हणजे डोस बदलता येतो. काही औषधांत उपचार थांबल्यावरही त्रास काही महिने वाढत राहतो, त्याने घाबरून जाऊ नये.

आणि कुष्ठरोग. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श किंवा गरम-थंड कळत नाही, घोट्यामागे किंवा कोपरामागे नस जाड लागते, बधिरपणा दोन्ही पायांत सारखा नाही, असं असेल तर लाजू नका आणि लपवू नका. बहुविध औषधोपचाराने हा आजार पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मेलेली नस मात्र परत येत नाही. नस दुखायला लागली किंवा ताकद कमी व्हायला लागली तर स्टेरॉइड वेळेत देऊन ती वाचवता येते.

नसांची विद्युत तपासणी

या तपासणीत नसेला छोटे विजेचे झटके देऊन संदेश किती वेगाने आणि किती ताकदीने जातो ते मोजतात. झटके नकोसे वाटतात, धोक्याचे नसतात. पाय थंड असले तर वेग खोटा कमी दिसतो, म्हणून आधी पाय कोमट करून घ्यायला हवेत. त्या दिवशी पायांना क्रीम लावून जाऊ नका. मधुमेह स्पष्ट आहे, त्रास ठरावीक पद्धतीने आणि हळूहळू वाढलेला आहे, अशा माणसाला ही तपासणी लागतेच असं नाही. चित्र वेगळं असेल तेव्हा ती फार उपयोगी पडते.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, ही तपासणी फक्त जाड तंतू मोजते. पायांची आग-आग होतेय आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला, तर तुमचा त्रास मनाचा आहे असा त्याचा अर्थ होत नाही. बारीक तंतूंसाठी घोट्याच्या थोडं वरून ३ मिलिमीटरचा कातडीचा तुकडा घेऊन त्यातले तंतू मोजता येतात.

उपचार: कारणावर आणि वेदनेवर

दोन्ही वेगळे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालतात. वेदनेची गोळी नस दुरुस्त करत नाही. आग थांबली म्हणून साखर सांभाळायची सोडली तर नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

कारणावरचा इलाज म्हणजे बी-१२ भरून काढणं, दारू बंद, थायरॉइडचं औषध, त्रास देणारं औषध बदलणं. साखरेबाबत थोडा धीर लागतो. टाइप १ मधुमेहात साखर काटेकोर ठेवल्याने नसांचा बिघाड सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं. टाइप २ मध्ये फायदा एवढा मोठा नाही, पण पुढचं नुकसान मंदावतं. वर्षानुवर्षं खूप वाढलेली साखर दोन-तीन महिन्यांत एकदम खाली आणली तर काहींना उलट पायांची आग सुरू होते. इलाजच चुकला असं समजून तो सोडू नका, डॉक्टरांना सांगा. हा त्रास सहसा काही महिन्यांत ओसरतो.

तंतू परत वाढले तरी दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. मोजमाप आठवड्यांत नाही, महिन्यांत ठेवा.

वेदनेसाठी ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन वापरतात. ही नैराश्याची किंवा फिटची औषधं म्हणून नेटवर वाचून अनेकजण ती परत ठेवतात. तसं करू नका, ती नसेच्या वेदनेवर सिद्ध झालेली आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामकांचा इथे फारसा उपयोग नाही, आणि मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला त्यांनी इजा होऊ शकते. औषध कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात. पुरेसा डोस चार ते सहा आठवडे घेतल्याशिवाय 'लागू पडलं नाही' म्हणू नये. वेदना निम्मी झाली, झोप लागायला लागली, तर ते यशच आहे. पूर्ण नाहीशी होईल असं वचन कुणी देत असेल तर जरा जपून.

निवड ठरते ती तुमच्या बाकीच्या आजारांवरून. प्रीगॅबालिन आणि गॅबापेन्टिनने गुंगी येते, पायांवर सूज येते, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिन वयस्कांना, हृदयाच्या ठोक्यांचा, काचबिंदूचा किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडण्याचा त्रास असलेल्यांना सहसा टाळतात. यातलं कुठलंही औषध एकदम बंद करायचं नाही.

बधिर पाय सांभाळणं

कुष्ठरोगात बोटं रोगानेच झडतात, असं पूर्वी मानलं जाई. वेल्लोरला १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की ती झडत नाहीत, न जाणवलेल्या जखमांनी आणि पुन्हापुन्हा पडणाऱ्या दाबाने ती जातात. वेदना गेली की शरीराचा पहारा गेला. मधुमेहाच्या पायालाही हेच लागू आहे. तो पहारा आता डोळ्यांनी करायचा.

रोज एक वेळ ठरवून, चांगल्या उजेडात दोन्ही तळपाय बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरच्यांना दाखवा. बोटांच्या बेचक्या उघडून बघा. फोड, भेग, लाली, ओल, नखाशेजारची सूज. घट्ट्याखाली काळसर-लाल ठिपका दिसला तर आत रक्त साकळलंय, म्हणजे जखम आतून तयार होतेय. तो घट्टा ब्लेडने कापू नका, कॉर्नच्या औषधी पट्ट्या लावू नका. त्यातल्या आम्लाने चांगली कातडीही जळते. तज्ज्ञाकडून तो काढून घ्या.

पाय कोमट पाण्याने धुवा, पण पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नका, कोपराने घ्या. भिजवत ठेवू नका. बेचक्या टिपून कोरड्या करा आणि मलम तळव्याला, टाचेला लावा, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, हीटर पायाजवळ नको. ज्याला गरम कळत नाही त्याला भाजलेलंही कळत नाही.

घरातसुद्धा अनवाणी फिरू नका. बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघा. खडा, खिळ्याचं टोक, दुमडलेलं अस्तर, दिवसभर पायाखाली राहूनही कळत नाही. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पाय बधिर झालेल्या माणसाला घट्ट बूटच 'नीट बसलेला' वाटतो, म्हणून नुसत्या जाणिवेवर जाऊ नका, पाऊल मोजून घ्या. नवा बूट पहिल्या दिवशी तास-दोन तास घालून काढा आणि कातडीवर लाली राहिली का ते बघा. पायमोजे फिक्या रंगाचे असले की रक्ताचा डाग लगेच दिसतो.

रात्री वाटेवर दिवा असू द्या, कारण अंधारात तोल डोळ्यांच्या आधाराशिवाय राहत नाही. फिजिओथेरपिस्टकडून तोलाचे व्यायाम शिकून घेण्यासारखे आहेत.

जखम झाली, किंवा पाय गरम होऊन सुजला

जखम छोटी असली तरी एक-दोन दिवसांत दाखवा. ती भरत नाही याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे दुखत नाही म्हणून माणूस तिच्यावरच चालत राहतो. मलमपट्टी कितीही चांगली असो, दाब काढला नाही तर ती भरणार नाही. दाब काढण्यासाठी गुडघ्याखालपर्यंत खास प्लास्टर किंवा बूट देतात. सोबत पायाच्या रक्तप्रवाहाची तपासणी झाली का ते विचारा. रक्तच पोचत नसेल तर तो इलाज आधी.

आणि गरम, लाल, सुजलेला बधिर पाय. जखम नाही, ताप नाही, दुखणं थोडं किंवा नाहीच. मुरगळलं असेल, वात असेल, जंतुसंसर्ग असेल असं म्हणून आठवडे जातात. हा शार्को फूट असू शकतो. यात हाडं आतल्या आत मोडत असतात आणि माणूस त्या पायावर चालत असतो. दोन्ही पायांच्या तापमानात २ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक असतो, हात लावूनही तो कळतो. सुरुवातीचा एक्स-रे अगदी नॉर्मल असू शकतो, तेव्हा तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, एमआरआयबद्दल विचारा. निदान होईपर्यंत त्या पायावर भार टाकणं बंद. वेळेत प्लास्टर झालं तर पायाचा आकार टिकतो. उशीर झाला तर कमान खचून तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो आणि मग जखमा कायमच्या मागे लागतात.

पुढची तपासणी कधी

संवेदना शाबूत असेल तर वर्षातून एकदा पाय तपासून घ्यायचे. संवेदना गेलेली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. त्याच्या जोडीला बोटं वाकडी झालेली असतील किंवा रक्तप्रवाह कमी असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. आणि आधी कधी जखम झालेली असेल किंवा बोट काढावं लागलेलं असेल तर एक ते तीन महिन्यांनी, जखम कितीही छान भरलेली असली तरी. मोनोफिलामेंट कुठल्या जागी कळला नाही, हे प्रत्येक वेळी कागदावर लिहून मागा. मागच्या खेपेच्या कागदाशी ताडून बघितल्यावरच त्रास वाढतोय की थांबलाय ते कळतं.